मागची किडलेली दाढ दुधाची की कायमची?

प्रश्न (खानापूर): माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्यातील शेवटच्या दाढेवर काळा ठिपका आहे. अजून एकही दात पडलेला नसल्याने ती दुधाचीच असून आपोआप पडेल, असे घरी म्हणतात. तसे समजावे का?

उत्तर (बेळगाव): ताई, कृपया तसे समजू नये. दुधाचे दात 20, म्हणजे जबड्याच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला पाचच असतात. मध्यापासून सहाव्या क्रमांकावरची दाढ कायमची असून ती कोणताही दात न पडता मागे उगवते. मोजून पाहावे.

उत्तर (निपाणी): आम्ही हीच चूक केली. कुंद्याचे (दुधाच्या मिठाईचे) कण दाढेच्या खाचांत अडकून राहत. कीड एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण) आणि डेंटिन (त्याखालचा थर) पोखरून आतल्या नसेपर्यंत पोहोचली, तेव्हा मुलगा रात्रभर गाल धरून बसे.

प्रश्नकर्ती: मोजले, सहावीच आहे. उद्याच दंतवैद्यांकडे नेते.