मदत हवी आहे: तिसरीची मुलं २५ ला ५२ लिहितात, खेळ सुचवा

खानापूरची_बाई: पंचवीस म्हटलं की ५२, सदतीस म्हटलं की ७३. फळ्यावर सांगून सांगून थकले. पळत, उड्या मारत शिकतील असा खेळ लवकर सांगा, सोमवारी घ्यायचाय.

निपाणीकर: मुलं किती? मैदान आहे का?

लंगडीप्रेमी: लंगडी घ्या. आम्ही पाढे लंगडीवरच पाठ केले.

निपाणीकर: पाढ्यांचं कुठं विचारलंय त्यांनी?

खानापूरची_बाई: अठरा मुलं, पहिली ते तिसरी एकाच खोलीत. पावसानं मैदानात चिखल, व्हरांडा तेवढा कोरडा. कन्नडच्या तासाला हीच मुलं बरोबर लिहितात बघा.

निवृत्त_गुरुजी: बाई, हे आधी सांगायचं की! कन्नडात इप्पत्तैदु, आधी वीस मग पाच, लिहितो त्याच क्रमानं. मराठीत पाच आधी कानावर पडतो. मूल ऐकलं तसं लिहितं, त्याची चूक नाही. खडूनं दोन चौकटी आखा, दशक आणि एकक. मुलांच्या हातात अंकांच्या पाट्या द्या. 'पंचवीस' म्हटलं की पाचवाला आधी पळत एककात, मग दोनवाला दशकात. बाकीच्यांनी वाचून लिहायचं. दशक बघणाऱ्यांच्या डाव्या हाताला हवा, उभ्या राहिलेल्यांच्या नव्हे. इथंच खेळ फसतो.

पुण्याची_आई: २०१९ ला आमच्याकडे दुसरीच्या गणितात 'वीस पाच' आलं. तसंच म्हणा ना.

लंगडीप्रेमी: अजिबात नको. सीमाभागात मराठी शाळा टिकवताना जीव जातो, त्यात पंचवीस हा शब्दही घालवायचा?

पुण्याची_आई: घालवला नव्हता, पुस्तकात दोन्ही होते.

बेळगावचा_पालक: मुलगी चौथीत आहे. पुढं मराठी माध्यम ठेवावं की कन्नड?

निपाणीकर: त्याला वेगळा धागा काढा हो.

खानापूरची_बाई: आज घेतला! पंचवीस, सदतीस जमलं. एकोणतीसला मात्र एकवाला धावला, ३१ झाले.

निवृत्त_गुरुजी: एकोणला चौकटी नकोत, उडी हवी. ओळीनं घरं आखा, ३० वर उभं करा, एक उडी मागं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठच आकडे. नव्याण्णव वेगळा, तो चौकटीतच.

खानापूरची_बाई: व्हरांड्यात लांबीला बाराच फरशा आहेत.

निवृत्त_गुरुजी: मग २५ ते ३५ आखा. अकरा घरं, एक फरशी उरते. उद्या ३५ ते ४५.