आरटीएक्स ५०९० + ९८००एक्स३डी : जोडणीआधी यादी तपासून द्याल का?

नवा_जोडारी
४के वर खेळण्यासाठी पीसी जोडतोय. यादी अशी: रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड (लांबी ३५७ मिमी, उंची १५० मिमी), एक्स८७०ई मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३० रॅमच्या १६ जीबीच्या चार पट्ट्या, २ टीबीचे दोन एनव्हीएमई एसएसडी, ३६० मिमी लिक्विड कूलर आणि १००० वॅटचा एटीएक्स ३.१ पॉवर सप्लाय. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डासाठी ४०० मिमी जागा दिली आहे.

कूलरचा रेडिएटर पुढे लावू की वर? १००० वॅट पुरतील का? कार्डाचा पॉवर कनेक्टर वितळतो म्हणतात, तो नेमका कशामुळे? आणि चार पट्ट्यांनी काही अडतं का?

विद्युल्लता
आधी वॅटचा हिशोब. कार्ड ५७५, प्रोसेसर पूर्ण भाराला १६२, बाकी पंखे, पंप, एसएसडी, मदरबोर्ड मिळून ७०-८०. म्हणजे ८२० च्या आत. शिवाय कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरतं ५७५ च्या बरंच वर उसळतं, पण एटीएक्स ३.१ चा सप्लाय १०० मायक्रोसेकंदांपर्यंत क्षमतेच्या दुप्पट भार सोसेल असाच बांधलेला असतो. तेव्हा १००० पुरतील. १२०० घेतलात तर फायदा एवढाच की सप्लायचा पंखा संथ राहील.

आता कनेक्टर, कारण खरी काळजी तिथेच घ्यायची आहे. ५७५ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ४८ अँपिअर. कनेक्टरच्या १६ पिनांपैकी १२ व्होल्टच्या सहा पिनांतून हा प्रवाह जातो, प्रत्येकीत ८. पिनेची मर्यादा ९ च्या जरा वर. जुन्या ८ पिनी केबलमधून १५० वॅट तीन पिनांतून जायचे, म्हणजे पिनेमागे जेमतेम ४.२. तिथे चूक पोटात घालायला भरपूर जागा होती, इथे जवळपास नाही.

त्यात ५०९० च्या बोर्डावर सहाही पिना एकाच समाईक मार्गाला जोडलेल्या असतात, त्यामुळे कुठल्या पिनेतून किती प्रवाह जातोय यावर कार्डाचं नियंत्रण नसतं. (मोजक्या मॉडेलांत प्रत्येक पिनेचा प्रवाह मोजायची सोय असते, पण तेही फक्त इशारा देतात.) दोन पिनांचा संपर्क ढिला झाला की उरलेल्या चौघींवर १२-१२ अँपिअर येतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ८ चे १२ झाले की उष्णता सव्वादोन पट. प्लास्टिक वितळतं ते यामुळे. कार्ड बंदही पडत नाही, कारण त्याला ४८ अँपिअर मिळतच असतात.

म्हणून:
– ॲडॅप्टर टाळा. सप्लायसोबत आलेली, दोन्ही टोकांना १६ पिनी असलेली १२व्ही-२x६ (कार्डाच्या या कनेक्टरचंच नाव) केबल वापरा. दुसऱ्या सप्लायची केबल तिथे बसली तरी लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि चुकीच्या केबलने ड्राइव्ह क्षणात जळतात.
– कार्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावरच प्लग एकदा घालून पाहा. किती जोर लागतो आणि पूर्ण बसल्यावर फट कशी नाहीशी होते ते तिथे नीट दिसतं.
– कनेक्टरपासून निदान ३५ मिमी केबल सरळ ठेवा, मग वळवा. आडवं वळण उभ्यापेक्षा वाईट, एका टोकाच्या पिना ओढल्या जातात.
– उगाच काढ-घाल नको. हा कनेक्टर ३० वेळांच्या हिशोबाने बनवलेला असतो.
– पहिला अर्धा तास खेळून झाला की डीसी क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर) १२ व्होल्टची एकेक तार मोजा. ७ ते ९ अँपिअरमध्ये सगळ्या असतील तर उत्तम. एखादी ३ वर आणि दुसरी १२ वर दिसली तर मशीन बंद करा, प्लग काढून पुन्हा बसवा. तरीही तेच दिसलं तर केबल बदला.

कार्डाची उंची १५०, त्यावर ३५ चं सरळ अंतर आणि वळण. कॅबिनेटच्या बाजूची काच त्याच्या आत येत असेल तर ती केबल दाबते. हे माप माहितीपत्रकात सापडत नाही, स्वतः टेप धरून घ्यायचं.

शीतक
रेडिएटर वर लावा. पुढे तो बसणारच नाही: २७ मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा, ४०० मधून ५२ गेले की ३४८ उरतात. तुमचं कार्ड ३५७.

जागा असती तरी वरच म्हटलं असतं. खेळताना ९८००एक्स३डी बहुतेक वेळा १०० वॅटच्या आतबाहेर असतो, कार्ड मात्र ५७५. ताजी हवा कार्डाला द्या: खाली तीन पंखे आत, पुढे आत, मागे एक आणि वर रेडिएटर बाहेर. वरून गरम हवा गेल्याने प्रोसेसर काही अंश जास्त तापेल, चालतं. त्याची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे.

बिट_बाइट
चार पट्ट्या घेऊ नका. एएम५ वर (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) रॅमच्या चार पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे. ६००० वर चालल्या तर नशीब, आणि चालल्या असं वाटून दोन आठवड्यांनी गेम बंद पडायला लागतात. ३२ च्या दोन घ्या. त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

एसएसडीचंही बघा. बऱ्याच एक्स८७०ई बोर्डांवर एखादी एम.२ खाच (एसएसडी बसवायची जागा) ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआयई लेन, म्हणजे डेटाचे मार्ग, वाटून घेते. कोणती, ते मॅन्युअलच्या तक्त्यात असतं. तिथे एसएसडी लावला की कार्ड x१६ वरून (१६ लेन) x८ वर येतं. पीसीआयई ५ चे x८ म्हणजे ४ चे x१६, त्यामुळे फरक नगण्य, पण दोनच एसएसडी असताना ते करायचं कारण नाही. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तपासताना कार्डावर भार टाका, रिकामं असताना पीसीआयई दुवा आपोआप मंद दिसतो.

नवा_जोडारी
३२ च्या दोन घेतो. केबलसाठीचं माप घेतलं, कनेक्टरपासून काचेपर्यंत ५२ मिलिमीटर मिळतात. जोडणीचा क्रम आणि पहिल्यांदा सुरू करताना काय बघायचं?

शीतक
मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून आधी कार्डाशिवाय सुरू करा. ९८००एक्स३डी मध्ये छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयवर चित्र येतं. प्रोसेसरच्या सॉकेटचं काळं प्लास्टिक झाकण आधी काढू नका, सॉकेटची धातूची पकड दाबताना ते आपोआप उडतं. कूलरच्या तळाची आणि एम.२ च्या थर्मल पॅडची फिल्म मात्र आठवणीने सोला.

पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहतो. रॅमचं ट्रेनिंग (मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चाललेलं असतं, मदरबोर्डवर डीरॅमचा दिवा लागलेला दिसेल. घाबरून बटण दाबू नका, १० मिनिटं थांबा. मग बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारं सेटिंग) चालू करा, प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर नाही ना ते बघा. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चार फेरे. एकही चूक आली तर विंडोज टाकूच नका.

कॅबिनेटमध्ये बसवताना प्रोसेसरच्या दोन्ही ८ पिनी केबली रेडिएटरच्या आधी जोडा, नंतर त्या कोपऱ्यात बोट जात नाही. कार्ड शेवटी, खाली आधार देऊन. काच काढली की कापडावर ठेवा. फरशीला कोपरा टेकला तरी टफन्ड काच चुरा होते. मॉनिटरची केबल आता कार्डात, मदरबोर्डमध्ये नव्हे.

विद्युल्लता
एक भर. सगळं स्थिर झालं की आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करून बघा. ४६० वॅट, पिनेमागे ६.४ अँपिअर. बहुतेक गेममध्ये फ्रेम थोड्याच कमी होतात. त्याहून चांगलं हवं तर त्यातल्या व्होल्टेज वक्रावर (कोणत्या व्होल्टेजला किती वेग, तो आलेख) ०.९ व्होल्टला २७०० मेगाहर्ट्झपासून सुरुवात करून २५-२५ ने वर जा. मात्र तपासणी रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र काढणं) असलेल्या गेममध्ये तासभर करा. साध्या बेंचमार्कमध्ये पास झालेलं सेटिंग तिथे हमखास उघडं पडतं.