गंजीफ्रॉक, गर्न्सी आणि जर्सी

प्रश्न : 'गंजीफ्रॉक' हा शब्द 'गर्न्सी फ्रॉक'वरून आला म्हणतात. पण गर्न्सी तर जाड लोकरीची! मग ते नाव बनियनला कसं लागलं? आणि गर्न्सी, जर्सी, आरन या सगळ्यांना नुसतं 'स्वेटर' म्हटलं तर चालेल का?

– व्युत्पत्ती बरोबर आहे. गर्न्सी आणि जर्सी ही फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची, ब्रिटिश राजसत्तेखालची शेजारी बेटं. 'फ्रॉक' इथे मुलींचा नव्हे, खलाशी-मजूर घालायचे तो अंगरखा. बेटाचंच नाव मिळालेली गर्न्सी अंगासरशी बसणारी, बिनबटणांची, डोक्यातून घालायची. आपल्याकडे लोकर गेली, सूत आलं, घाट तोच राहिला. हिंदीत गंजी, बंगालीत गेंजी. वीणही सुटलेली नाही : साध्या बनियनचं कापड ताणून भिंगाखाली धरा, सुलट टाक्यांच्या उभ्या साखळ्या दिसतील. अशा कापडाला गिरणीत आजही 'जर्सी'च म्हणतात.

– वरच्या उत्तरात भर. खरी गर्न्सी तिच्या बांधणीवरून ओळखावी. ५ पदरी, घट्ट पिळाची लोकर, बारीक सुया, अंग गोल विणलेलं, कडेला शिवण नाही. पाठ-पोट सारखंच, म्हणून उलटसुलट घालता येते आणि कोपरं एकाच जागी झिजत नाहीत. बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराचा जोड असतो : मुंढ्याखाली दर चौथ्या फेरीला दोन टाके वाढवत साधारण ३ इंच जायचं, पुढे बाहीत त्याच गतीने घटवायचे. हा जोड गाळला तर हात वर करताच सगळा स्वेटर वर ओढला जातो. बाही खांद्याकडून टाके उचलून मनगटाकडे विणतात. मनगट विरलं की तेवढंच उसवून नवं विणायचं. मनगटाकडून सुरू केलेली बाही त्या टोकाने सरसर उसवतच नाही.

– आरन म्हणजे आयर्लंडच्या आरन बेटांवरचा स्वेटर. त्याच्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे : घराण्यागणिक वेगळी वीण, आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून. याला आधार नाही. आयरिश नाटककार जे. एम. सिंग (Synge) यांच्या १९०४च्या 'रायडर्स टू द सी' नाटकात ओळख पटते ती मोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून, स्वेटरवरून नव्हे. आजचा वेण्यांचा आरन स्वेटर विसाव्या शतकातलाच. वीण म्हणून तो सुंदरच आहे, त्याला प्राचीनतेची गरज नाही.
विणताना चूक होते ती टाके मोजण्यात. सहा टाक्यांच्या वेणीत तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे सोडतात, पुढचे तीन विणतात, मग सुईवरचे. या पिळाने रुंदी आवळते. साध्या विणीच्या हिशोबाने टाके घातले तर छाती हमखास तंग होते. बॉर्डर संपताच प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवावेत. नमुना वेणीसकट विणून, धुऊन, वाळवूनच मोजावा.

– 'स्वेटर' हे जातीचं नाव म्हणून ठीक. मूळ अर्थ घाम काढणारा, खेळाडूंचा. पण वाण सांगायचं तर मूळ नावच ठेवावं. मात्र आइसलँडच्या लोपापेइसाला 'लोपापेइसा स्वेटर' म्हणू नये. आइसलँडिकमध्ये 'पेइसा' म्हणजेच स्वेटर, आणि 'लोपी' म्हणजे पीळ न दिलेली लोकर. ती ओढली की तुटते. गाठ मारू नका : दोन टोकं २-३ इंच एकमेकांवर ठेवून ओली करा आणि तळहातांत जोराने चोळा, तंतू एकजीव होतात.