प्लॅन वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी गावातलं घर पाहावं

देवळीकर
दोन दिवसांपूर्वी इथे एका भाऊंनी लिहिलं की गावातले लोक इंटरनेटचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतात, मग टीव्हीवर गोल चाक फिरलं की ऑपरेटरच्या नावानं बोंबलतात. सरळ 300 एमबीपीएस वेगाचा प्लॅन घ्या आणि विषय संपवा. खाली सगळ्यांनी "बरोबर, बरोबर" केलं. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हाच सल्ला ऐकून पैसे घालवलेली माणसं टीव्हीच खराब आहे समजून माझ्याकडे येतात, म्हणून जरा लांब लिहितो.

एचडी चित्राला 5 एमबीपीएस पुरतात, फोर-केला 15. आपल्याकडचा साधा प्लॅनही 30-40 चा असतो. कागदावर वेग पुरून उरतो, टीव्हीपर्यंत पोचत नाही. का पोचत नाही ते घरात पाय ठेवला की दिसते. जुनं घर, दोन फुटी मातीच्या भिंती, वर टिनं. राउटर समोरच्या बैठकीत, तोही लोखंडी कपाटामागे कोंबलेला. टीव्ही माजघरात. स्वस्त स्मार्ट टीव्हीत बहुतेक वेळा 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय असते, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. शेजारपाजारचे राउटर त्याच चॅनेलवर बसले की झालं. 5 गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण जाड भिंत ओलांडता ओलांडता त्याचा दम जातो. यात 300 चा प्लॅन काय करणार?

राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची, म्हणजे नेट नेणारी, वायर टाका. कॅट 5ई प्रकारची, 100 मीटरपर्यंत चालते, तपासण्यापुरती जमिनीवरून टाकली तरी हरकत नाही. वायरवर टीव्ही नीट चालला तर दोष घरातल्या वायफायचा. वायरवर पहाटे नीट आणि रात्री नऊला अडकतो, तर पुढची लाईन भरलेली आहे, ऑपरेटरला पकडा. चोवीस तास अडकतो तर फायबरचा, म्हणजे घरात नेट आणणाऱ्या काचेच्या तारेचा, जोड तपासून घ्या. हे सगळं झाल्यावर प्लॅनचं बोला.

नागपूरकर
ती पोस्ट माझी आहे आणि मी एक शब्द मागे घेत नाही. माझं गाव कारंज्याजवळ आहे. आई-बाबा तिथे राहतात. मी प्लॅन 40 वरून 200 केला आणि बफरिंग बंद झालं. हा माझ्या घरचा अनुभव आहे, थिअरी नाही. सणावारी घरी सगळे जमले की दोन टीव्ही, आठ-दहा मोबाईल, वर भावाचं वर्क फ्रॉम होम. 40 कुठे पुरणार? आणि भिंतीचा त्रास असेल तर मेश राउटर घ्या, प्रत्येक खोलीत एक डबी. आजकाल घरात वायरी कोण ओढतो?

देवळीकर
नागपूरकर भाऊ, प्लॅन बदलताना ऑपरेटरनं राउटर पण बदलला का, तेवढं सांगा.

नागपूरकर
हो, नवीन ड्युअल बँड दिला, 2.4 आणि 5 दोन्हीवर चालणारा. आणि जागा बदलून मधल्या खोलीत लावला. पण त्यानं काय सिद्ध होते?

देवळीकर
तेच. राउटर नवा, जागा नवी, आणि श्रेय गेलं प्लॅनला.

मोर्शीचा केबलवाला
मी ऑपरेटर आहे. तुम्ही दोघंही आपापल्या जागी बसून बोलून राहिले, म्हणून आमची बाजू ऐका.

देवळीकर, "ऑपरेटरला पकडा" लिहायला सोपं आहे. आमच्या भागात फायबर खांबावरून जाते. वानरं त्यावर लोंबकळतात. रस्त्याचं काम निघालं की जेसीबी न विचारता खोदतो आणि जमिनीतली लाईन तुटते, भरपाई कोणी देत नाही. रात्री बारा वाजता संत्र्याच्या बागेत टॉर्च तोंडात धरून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडणं, आम्ही करतो. महिन्याला चारशे रुपये देणारा माणूस दोन तास लाईन गेली की शिव्या देतो, आणि त्याच माणसानं पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटलेला असतो.

अजून एक, जे कोणीच लिहिलं नाही. घरोघरी सीसीटीव्ही लागले. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, रेकॉर्डिंग पाठवणारे चार कॅमेरे रात्रंदिवस अपलोड करतात. अपलोडचा रस्ता भरला की डाउनलोड पण अडखळतो, कारण आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच त्याच रस्त्यानं परत जाते. लोक स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचाच आकडा पाहतात. मी कॅमेऱ्याची क्वालिटी कमी करायला सांगितलं की टीव्ही चालतो. देवळीकरांचा वायरचा उपाय चांगला आहे, मी नाही म्हणत नाही, पण सगळा दोष भिंतीवर टाकू नका.

वणीची सून
केबलवाले भाऊ, पासवर्ड वाटणाऱ्यांवर रागावता, पण राउटर कुठे लावायचा हे कोण ठरवते? आमच्याकडे लावायला आलेल्या मुलानं घरातल्या पुरुषांना विचारलं, त्यांनी "इथे बैठकीत" म्हटलं, तो भोक पाडून निघून गेला. बायका दिवसभर मागच्या खोल्यांत आणि स्वयंपाकघरात. सासूबाईंची संध्याकाळची मालिका मागच्या खोलीत अडकते, मुलीचा ऑनलाईन क्लास तिथेच अडकतो, आणि बैठकीत बातम्या सुरळीत. मग माणसं म्हणतात, नेट तर छान चालून राहिलं. मी हे बोलले की घरात मलाच ऐकावं लागते. राउटर घराच्या मधोमध लावायला दहा मीटर वायर जास्त लागली असती. तेवढं काम वाचवलं.

मोर्शीचा केबलवाला
ताई, दहा मीटर फायबर घरात फिरवली तर कोपऱ्यावर वाकते, पाट्याखाली येते, उंदीर कुरतडतात, आणि पुन्हा आम्हालाच बोलावणं. म्हणून दाराजवळ लावतो.

वणीची सून
फायबर दाराजवळच ठेवा. तिथून मधल्या खोलीपर्यंत साधी लॅन वायर टाका आणि राउटर तिथे लावा. हे मला कळते, तुमच्या मुलाला का कळत नाही?

मोर्शीचा केबलवाला
बरं. फायबरची डबी आणि राउटर वेगवेगळे असतील तर जमते. आमची एकाच डबीत दोन्ही असतात, त्याला दुसरा राउटर लागेल. पण जमते.

ओलितवाला
तुमचं सारं वाचलं. वायर टाका, चॅनेल बदला, राउटर सरकवा. अन् लाईनच, म्हंजे वीजच, नसली तं? आमच्याकडे हरभऱ्याले पाणी देणं चालू आहे. थ्री फेज आली का साऱ्या शिवारातले मोटरचे ऑटो, म्हंजे लाईन आली का आपोआप मोटर चालू करणारे स्टार्टर, एकदमच उचलते. बल्ब पिवळा पडते, राउटर बंद होते, मंग चालू होते, मंग बंद. टीव्हीवर चाक फिरते अन् पोट्टे म्हणते बाबा नेट गेलं. नेट नाई गेलं बाप्पा, लाईन गेली.

नागपूरकर
राउटरचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, त्यावर लिहिलेलं असते. व्होल्टेज कमी झालं म्हणून राउटर बंद होत नाही. उगाच विजेचा विषय आणू नका.

ओलितवाला
लिहिलेलं मी पण वाचलं. तुम्ही नागपुरात वाचलं, मी इथं वाचलं. क्षणभर लाईन जाते अन् येते, तेवढ्यानं राउटर पुन्हा सुरू होते, अन् सुरू व्हायले दोन-तीन मिनिटं लागते. तवरिक दुसरा झटका. हे अडॅप्टरवर लिहिलेलं नाई.

देवळीकर
ओलितवाले दादा बरोबर सांगून राहिले. आणि घरचा राउटर टिकला तरी गावातल्या खांबावरची, घरोघरी नेट वाटणारी स्विचची पेटी विजेवर चालते, तिची बॅटरी मेली असली तर लाईन गेली की अख्खं गाव बंद. केबलवाले, तुमच्या पेट्यांना बॅटरी आहे का?

मोर्शीचा केबलवाला
माझ्याकडे मधे एका फायबरचे अनेक फाटे करणारे निव्वळ काचेचे स्प्लिटर आहेत, त्यांना वीज लागत नाही. एकेका स्प्लिटरवर 8, 16 नाहीतर 32 घरं. स्वस्तात काम करणारे स्विच टाकतात, त्यांचं मी का सांगू?

ओलितवाला
तुम्ही नेटचं बोला, मी माह्यं बोलतो. शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस दिवसपाळी, बाकी रात्रपाळी. रात्रपाळीत बारा वाजता लाईन आली का मी वावरात. इकडे रानडुकरं, रोही, अन् आता बिबट पण. चुलतभावाले रात्री पाणी देताना सापानं डसलं, कसातरी वाचला. बायको टीव्ही पाहत नाई, ते जागी बसते मी येतपर्यंत. दिवसा लाईन द्या म्हणून किती वर्षं सांगून रायलो. 2017 साली सौर वाहिनीची योजना आली, 2023 मध्ये तिचं दुसरं पर्व आलं, दिवसा वीज देऊ म्हणे. आमच्या फीडरले, म्हंजे आमच्या शिवाराच्या वीजवाहिनीले, अजून नाई. अन् तुम्ही 200 चा प्लॅन सांगता!

वणीची सून
दादा, सौर पंपाचा अर्ज केला का? 2024 पासून मागेल त्याला सौर पंप आहे, शेतकऱ्याला दहाच टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच. माझ्या माहेरी भावानं लावला. आता तो दिवसा पाणी देतो, रात्री घरी झोपतो.

ओलितवाला
सौर लावला होता गावात एकानं. ढगाळ असलं का पाणी नाई, अन् माही विहीर खोल आहे. थंडीत सकाळी दहाच्या आधी पंप उचलत नाई. तुमच्या भावाले लागू पडला असन, सगळ्याले पडत नाई.

नागपूरकर
धागा बफरिंगचा आहे! पंप, बिबट, साप हे सगळं वेगळ्या ठिकाणी बोला ना.

ओलितवाला
वेगळ्या ठिकाणी कोण ऐकते? इथं टीव्ही अडकला म्हणून एवढे लोक जमले. मोटर अडकली तेव्हा कोणी जमलं नाई. गावात लाईन अन् नेट वेगळं नसते भाऊ. तुमच्या आई-बाबाले विचारा.

नागपूरकर
विचारलं. आईशी आत्ताच फोनवर बोललो. ती म्हणते दुपारी लाईन येते-जाते तेव्हा टीव्ही लावतच नाही, म्हणून मला कधी सांगितलं नाही. ठीक आहे, विजेचं कारण असू शकते. पण लाईन असतानाही ज्यांचा टीव्ही अडकतो त्यांनी प्लॅन तपासायलाच पाहिजे, हे माझं मत कायम.

मेळघाटी
तुम्ही सगळे फायबरवाले. आमच्याकडे टॉवर एक, तोही डोंगराआड. मोबाईलचं हॉटस्पॉट टीव्हीला जोडतो. दिवसाला दीड जीबी, आणि एचडीत तासाभरात तीन जीबीपर्यंत जातात. आम्ही चित्र कमी क्वालिटीवर, 480 वर ठेवून पाहतो. एक प्रश्न आहे. सिनेमा चालतो आणि मॅच अडकते, असं का? मार्च 2025 ला नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भानं केरळवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन रणजी जिंकली, त्या शेवटच्या दिवशी आम्ही आवाजच ऐकत होतो.

देवळीकर
दादा, सिनेमा आधीच पूर्ण बनलेला असतो, म्हणून ॲप पुढची काही मिनिटं आधीच उतरवून ठेवते. मधे नेट मंदावलं तरी साठ्यावर निभते. मॅच तिथे घडते तशी येते, पुढचं उतरवायला काहीच नसते, म्हणून साठा काही सेकंदांचाच. थोडं नेट डगमगलं की चाक. तुम्ही ऑटो बंद करून 480 वर पक्कं लावता ते बरोबर करता. मोबाईल खिडकीत टॉवरच्या दिशेनं ठेवा, आणि टीव्हीला वायफायऐवजी यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाईलचं नेट वायरनं देणं, चालते का ते पाहा, काही टीव्ही बॉक्समध्ये चालते.

आणि नागपूरकर भाऊ, चार कॅमेरे, दोन टीव्ही, घरातून काम करणारा माणूस असेल तिथे 40 कमी पडतील, हे मी मान्य करतो. पण आधी वायर लावून पाहू द्या. ज्यांच्या घरी एकच टीव्ही आहे त्यांच्याकडून 300 चे पैसे काढू नका.

वणीची सून
काल रात्री मीच राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत वायर टाकली, दारांच्या चौकटीवरून. सासूबाईंची मालिका एकदाही थांबली नाही. घरातले म्हणतात वायर दिसायला वाईट दिसते. दिसू दे. पण लाईनचा झटका बसला की राउटर बंद पडतोच, ते दादा म्हणाले तसंच. छोटा यूपीएस, लाईन गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी, घ्यायचा आहे. कोणता घेऊ?

देवळीकर
वहिनी, राउटरच्या अडॅप्टरवर आउटपुट लिहिलं असते, 12 व्होल्ट किंवा 9 व्होल्ट, आणि पुढे अँपिअर. यूपीएसचे व्होल्ट अगदी तेवढेच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनचं टोक बसते का ते दुकानात राउटर नेऊनच पाहा. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर राउटर चालू राहील आणि नेट बंद.

ओलितवाला
मले पण त्याच व्होल्टचा सांगा. अडॅप्टरचा फोटो टाकतो.