आदर्शवाद खरंच ‘हरला’ का? अ‍ॅबिसिनियाचं (आजच्या इथिओपियाचं) प्रकरण कुणी समजावून सांगेल का?

रात्रीचा_अभ्यास: नमस्कार. राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, पहिलं वर्ष, बाहेरून. दिवसभर दुकान असतं, त्यामुळे विचारायला समोर कुणी नाही. सगळ्या नोट्समध्ये एकच गोष्ट आहे: अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे चौदा मुद्दे, पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला स्थापलेला राष्ट्रसंघ, युद्धाचा त्याग करायचा १९२८ चा केलॉग-ब्रियाँ करार म्हणजे आदर्शवाद, कायद्याने आणि करारांनी शांतता टिकते असं मानणारा. मग अ‍ॅबिसिनिया, हिटलर, महायुद्ध. आदर्शवाद संपला, ई. एच. कार आणि मॉर्गेन्थाऊ हे अभ्यासक आले, सत्ता आणि स्वार्थावर बोट ठेवणारा वास्तववाद जिंकला. पाठ झालंय, पण पटत नाही. चोरी झाली म्हणून कायदाच खुळचट होता असं आपण म्हणतो का? अ‍ॅबिसिनियात नेमकं काय बिनसलं?

घाटमाथा: सोपं आहे. राष्ट्रसंघाकडे स्वतःचं सैन्य नव्हतं. बळी तो कान पिळी. परीक्षेत एवढं लिहा, मार्क मिळतात.

खडू_फळा: ताई, तुमची शंका रास्त आहे. मी कॉलेजात तीस वर्षं हा विषय शिकवला आणि सुरुवातीला तुमच्या नोट्ससारखाच शिकवला. एकदा नकाशावर नेपल्सहून मसावापर्यंत खडूने रेघ ओढली. मसावा हे इरिट्रियाचं बंदर, तेव्हा इटलीच्या ताब्यात. रेघ सुएझ कालव्यातून गेली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, कालव्यावर तर इंग्रजांचा पहारा होता ना? मग त्यांनी जहाजं जाऊ कशी दिली?” मला धड उत्तर देता आलं नाही. त्या रात्री धडा मुळापासून वाचायला घेतला.

३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीने हल्ला केला. राष्ट्रसंघाने तिला आक्रमक ठरवलं आणि आपल्या करारनाम्याच्या कलम १६ प्रमाणे नोव्हेंबरात आर्थिक निर्बंध लावले. पन्नासेक देश त्यात उतरले. म्हणजे यंत्रणा हलली होती. पण यादीत तेल नव्हतं! ट्रक, रणगाडे, विमानं ज्यावर चालतात तेच वगळलं. कालवाही उघडाच, सैनिकांनी भरलेली जहाजं शुल्क भरून पुढे जात राहिली.

असं का? लंडन-पॅरिसला हिटलरविरुद्ध मुसोलिनी हाताशी हवा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इटलीतल्या स्ट्रेसा गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इटली या तिघांनी तशी मोट बांधली होती. डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लावाल यांनी अ‍ॅबिसिनियाचा मोठा लचका इटलीला द्यायचा बेत गुपचूप आखला. तो पॅरिसच्या वर्तमानपत्रांत फुटला आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. आता सांगा, यात आदर्शवाद कुठे आहे? हा सत्तासमतोलाचा हिशेब होता, आणि तोच चुकला. मार्च १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे करारांनी सैन्यबंदी घातलेल्या जर्मनीच्याच सीमाभागात, फौज घातली आणि वर्ष सरायच्या आत मुसोलिनी त्याच्या गोटात गेला. तेलही गेलं, तूपही गेलं.

३० जून १९३६ ला अ‍ॅबिसिनियाचे सम्राट हैले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे बोलायला उभे राहिले. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला, त्यांना बाहेर काढावं लागलं. विमानांतून विषारी वायू माणसांवर, गुराढोरांवर, नद्यांवर कसा फवारला ते त्यांनी अम्हारिकमध्ये सांगितलं. शेवटी विचारलं, माझ्या लोकांकडे मी काय उत्तर घेऊन जाऊ? पुढच्याच महिन्यात निर्बंध उठले. हा भाग शिकवताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

घाटमाथा: सर, पण तेल बंद केलं असतं तरी अमेरिका सभासद नव्हती. तिने विकलंच असतं. आणि मुसोलिनी ब्रिटिश आरमारावर चालून आला असता तर?

खडू_फळा: अमेरिकेचा मुद्दा मान्य. धोकाही होता. म्हणून आदर्शवाद्यांनाही मी मोकळं सोडत नाही. १९३५ च्या ‘पीस बॅलट’ या खासगी जनमत चाचणीत एक कोटीहून जास्त ब्रिटिशांनी मत दिलं. आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालायला जवळपास सगळे तयार होते, लष्करी कारवाईचं विचारल्यावर होकार बराच खाली आला. कायदा हवा, पण त्याची किंमत मोजायला मन धजत नव्हतं. कारने १९३९ च्या पुस्तकात यावरच बोट ठेवलं. मात्र नुसत्या वास्तववादावर राजकारण उभं राहत नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. नोट्समध्ये तो भाग गळतो. आणि पहिल्या आवृत्तीत कारने म्युनिक कराराची, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या १९३८ च्या कराराची, बाजू घेतली होती. युद्धानंतरच्या आवृत्तीत तो मजकूर वगळला. स्वतःला वास्तववादी म्हणवणाऱ्यालाही समोरचं वास्तव दिसेलच असं नाही, हे मला तिथे कळलं.

रात्रीचा_अभ्यास: सर, मनापासून आभार. मुलाच्या नकाशासंग्रहात मसावा शोधलं, सापडलं. पंधरा मार्कांच्या उत्तरात यातलं किती बसवू?

खडू_फळा: कालवा, तेल आणि होर-लावाल. सुरुवात कालव्यापासून करा.