मामाच्या चिकटवह्या, कोपऱ्यातले आकडे आणि मी केलेला एक शहाणपणा

शाईचंबोट

मामाचं कपाट आवरायचं काम गेल्या महिन्यात निघालं. बाकीच्या वस्तूंना वाली होते. वरच्या खणाकडे बोट दाखवून "ती रद्दी तूच बघ" असं सर्वानुमते ठरलं आणि सगळे खाली निघून गेले.

रद्दी म्हणजे तीन जाडजूड चिकटवह्या आणि एक पत्र्याचा डबा. आत वर्तमानपत्रांतून कापलेल्या चित्रपट्ट्या: वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, रिप कर्बी, थोडा फ्लॅश गॉर्डन. पेपर आला की मामा आधी कात्री शोधायचा हे आम्हाला माहीत होतं. त्याच्या घरी पेपरला कायम खिडकी पडलेली असायची आणि मामी त्या खिडकीतून त्याच्याकडे रोखून बघायची. पण हे सगळं त्याने इतकी वर्षं जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं.

परिस्थिती अशी आहे. पहिली वही खळीने चिकटवलेली, चिकट अजून घट्ट, पण कसर लागलेली. दुसरीत सेलोटेप. टेपचं प्लास्टिक केव्हाच गळून पडलंय आणि मागे तपकिरी, काचेसारखे पट्टे राहिलेत. तिसरी जरा बरी. डब्यातल्या पट्ट्या सुट्या आहेत, त्यांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबर वितळून वरच्या पट्टीवर बसलंय. कडा हात लावला की मोडतात.

आता कबुली. पहिल्याच दिवशी मी वहीतली एक पट्टी नखाने उचलून ओढली. वेताळ निघाला, घोडा वहीतच राहिला.

त्यानंतर हात लावलेला नाही. विचारायचं ते असं: सरसकट लॅमिनेट करून टाकू का? स्कॅन करताना काय बघायचं? आणि वर्ष कसं ओळखायचं? डब्यात मँड्रेकच्या एकाच गोष्टीच्या सतरा पट्ट्या आहेत. चौकटीच्या कोपऱ्यात 2-22, 2-23 असे बारीक आकडे आहेत, ते 3-12 पर्यंत जातात. मधले 2-28, 3-3 आणि 3-6 मामाच्या हातून सुटलेत. लेखक-चित्रकारांच्या जागी ली फॉक आणि फिल डेव्हिस ही नावं आहेत. कॉपीराइटची ओळही आहे, पण तिच्यातलं वर्ष शाईत बुजलंय.

---

वाळवीशी वैर

लॅमिनेशन नको. नको म्हणजे नकोच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. वडिलांनी जमवलेली चाळीसेक कात्रणं मी हौसेने लॅमिनेट करून आणली होती. पहिली काही वर्षं काय चकचकीत दिसायची! आता आतला कागद चहाच्या रंगाचा झालाय, दोन ठिकाणी प्लास्टिकच्या आतच तडकलाय आणि मी बाहेरून नुसती बघत बसते. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक उष्णतेने कागदाच्या तंतूंत शिरतं. ते परत काढता येत नाही आणि कागदातलं आम्ल आतच कोंडलं जातं.

मूळ दुखणं आम्लाचंच आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्या लगद्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल कागदाचे तंतू तोडत जातं. म्हणून शेदोनशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांपासून केलेला कागद कित्येकदा ठणठणीत असतो आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या पेपराचा भुगा होतो. झालेला पिवळेपणा परत जात नाही. इंटरनेटवर ब्लीचचे प्रयोग दिसतील, तिकडे फिरकू नका.

सुट्या पट्ट्या सपाट ठेवा, घड्या नकोत. प्रत्येक पट्टी पॉलिएस्टरच्या (माइलर म्हणतात ते) पारदर्शक पाकिटात घाला. तिच्या मागे कॅल्शियम कार्बोनेट घातलेला आम्लरहित कागद ठेवा, तो थोडं आम्ल शोषून घेतो. पाकिटं पीव्हीसीची नकोत. त्यांतून निघणारे वायू कागदालाच खातात आणि शाई प्लास्टिकला चिकटते. अंधार, कोरडी पण अगदी शुष्क नसलेली हवा (आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या मधे) आणि शक्य तेवढा गारवा एवढं बघा. माळा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत या दोन जागा वर्ज्य.

रबर ओढू नका. सुकून कडक झालं असेल तर बोथट सुरीच्या टोकाने कण कण उडतं, मऊ असेल तर तसंच राहू द्या. सेलोटेपचे डागही तसेच राहू द्या. ते काढायला द्रावकं लागतात आणि ती शाईसुद्धा पसरवतात, त्यामुळे ते काम जाणकाराच्या टेबलावरच व्हावं. कसर लागलेली वही बाकीच्यांपासून आजच वेगळी करा.

घोड्याचं म्हणाल तर तो वहीत सुखरूप आहे, हे चांगलं झालं. त्याला तिथून उचलायला जाऊ नका. वेताळ पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवा. पुढेमागे कोणी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने दोघांची गाठ घालून देईल. ती खळ पाण्याने परत सुटते, म्हणून ती वापरायची. फेव्हिकॉल घेऊन बसलात तर मी येऊन वह्या घेऊन जाईन.

---

जागा_नाही

मी जरा उलटं बोलतो. सगळं स्कॅन करा, पीडीएफ करा, चार ठिकाणी ठेवा आणि कागद सोडून द्या. किती पिढ्या डबे सांभाळणार?

---

रविवारची पुरवणी

@जागा_नाही, हाच विचार एकदा मोठ्या प्रमाणावर करून झालाय आणि तो अंगाशी आलाय.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांनी पेपरांच्या बांधीव फायलींची मायक्रोफिल्म (पानांचे फिल्मवर घेतलेले अगदी बारीक फोटो) केली आणि फायली काढून टाकल्या. मायक्रोफिल्म काळी-पांढरी. रविवारची रंगीत पानं, ज्यांच्यासाठी लोक पेपर घ्यायचे, ती त्यात राखाडी चिखल झाली. बांधणीत दबलेल्या कडा कापल्या गेल्या. बारीक रेघा बुजल्या. आणि ताडून बघायला मूळ कागद उरला नव्हता.

बिल ब्लॅकबिअर्ड नावाचा एक वेडा माणूस या फायली गोळा करत सुटला होता. ग्रंथालयं त्या खासगी माणसाला देईनात, म्हणून त्याने 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट नावाची ना-नफा संस्थाच काढली. संस्था म्हणजे त्याचं घर. ते घर कागदाने भरलं. 1998 मध्ये हा साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा तो 75 टन भरला आणि न्यायला सहा मोठे ट्रक लागले. आता तो तिथल्या बिली आयर्लंड कार्टून लायब्ररीत आहे. जुन्या चित्रपट्ट्यांचे आज जे देखणे संग्रह निघतात, त्यांतल्या कितीतरींच्या मुळाशी त्याची कात्री आहे.

शिवाय "एकाने ठेवलंय ना, मग झालं" असंही नसतं. रविवारच्या पट्ट्या चित्रकार अशा आखायचे की जागा कमी असलेल्या पेपराला काही चौकटी, बहुतेक वेळा वरची ओळ, गाळता यावी. गोष्ट अडायची नाही, पण विनोद किंवा नुसतंच सुंदर चित्र जायचं. त्यामुळे एकीकडच्या कात्रणात आठ चौकटी आणि दुसरीकडच्या त्याच पट्टीत सहा, असं सर्रास सापडतं. मामांच्या वहीत कुठली आवृत्ती आहे हे बघितल्याशिवाय काय सांगणार?

आता स्कॅनचं. सुट्या पट्ट्या सपाट स्कॅनरवर, 600 डीपीआय, रंगीत (काळी-पांढरी पट्टी असली तरी रंगीतच, कागदाचा रंगही माहितीच असते), टिफमध्ये. पट्टीच्या पाठीवर काळा कार्डपेपर ठेवा, नाहीतर मागची छपाई पुढे उमटते. स्कॅनरचं "आपोआप सुधारा" वगैरे सगळं बंद. साफसफाई नंतर, प्रतीवर. वह्या मात्र काचेवर दाबू नका, पुठ्ठ्याची पाठ मोडेल. वरून कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड.

आणि सुट्या पट्ट्यांची पाठही स्कॅन करा. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत (आकडा माझ्या मनातला, पण पैज लावा). फायलींना नाव देताना अंदाजाची तारीख घालू नका. वही-पान-क्रमांक असं द्या. त्यांनी लावलेला क्रम एकदा मोडला की परत मिळत नाही.

---

जागा_नाही

75 टन! बरं, माघार. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

---

कॅलेंडरवेडा

उशिरा आलो. मला फक्त तुमच्या 2-28 बद्दल बोलायचंय.

कोपऱ्यातले आकडे महिना-दिवस असे असतात. 2-28 आणि 3-6 यांच्यात बरोबर सात दिवस आहेत. मामांच्या हातून काही सुटलं नाही, ते रविवार आहेत! मँड्रेकची रोजची पट्टी सोमवार ते शनिवार निघायची. रविवारची रंगीत पट्टी वेगळी आणि तिची गोष्टही वेगळी. मामांचा पेपर त्या पट्ट्या महिनाभर उशिरा छापत असला, अगदी रविवारीसुद्धा छापत असला, तरी चौकटीतला आकडा मूळचाच राहतो.

म्हणजे 28 फेब्रुवारीला रविवार. तुम्ही सुटलेल्यांत 2-29 लिहिलेला नाही, म्हणजे ती पट्टी डब्यात आहे. म्हणजे लीप वर्ष. 29 फेब्रुवारीला सोमवार असलेली लीप वर्षं 28 वर्षांनी येतात: 1932, 1960, 1988. मँड्रेक सुरू झाला 11 जून 1934 ला, तेव्हा 1932 बाद. फिल डेव्हिस 1964 मध्ये गेला आणि पुढे फ्रेड फ्रेडरिक्सने काढलं, तेव्हा 1988 बाद.

1960. भिंग लावून कॉपीराइटची ओळ तिरप्या उजेडात परत बघा.

बाकीच्या वह्यांनाही हेच लागू. वेताळाला तर चित्रकारावरूनसुद्धा सुरुवात करता येईल: आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय (तो 1961 मध्ये गेला), मग 1994 पर्यंत साय बॅरी. मॅकॉयची माणसं थोडी लाकडी, साय बॅरीची पिळदार. दहा पट्ट्या बघितल्या की डोळा बसतो. रिप कर्बीतही 1956 मध्ये हात बदलतो, अलेक्स रेमंड मोटार अपघातात गेला आणि जॉन प्रेंटिसने पुढे काढलं. पण हा सांधा ओळखणं अवघड, प्रेंटिसने फार इमानाने चालवलंय.

3-3 मात्र गुरुवार. ती खरंच सुटली.

---

शाईचंबोट

सगळ्यांना दंडवत. पाकिटं आली, कसरवाली वही वेगळ्या खोलीत गेली आणि लॅमिनेशनचा विषय संपला.

@कॅलेंडरवेडा, सतरा पट्ट्या जमिनीवर ओळीने मांडल्या. सोळा पट्ट्यांवर वर्षाच्या जागी नुसता काळा ठिपका आहे. 3-9 वर भिंग धरलं, टॉर्च आडवी केली, तर एकोणीस, मग एका आकड्याचं खाली गोल पोट आणि वर वळलेली शेपटी. सहाच तो. बराच वेळ गुडघ्यांवर बसून होतो, उठताना कळलं.

@रविवारची पुरवणी, पाठ स्कॅन केली. सतरापैकी अकरा पट्ट्यांच्या पाठीवर शब्दकोड्याचा तुकडा आहे. काही घरं पेन्सिलने भरलेली, मधेच कात्रीने कापलेली. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून आईला स्क्रीनवर दाखवलं. ती मामाची धाकटी बहीण. चष्मा वर करून, खाली करून बघितलं आणि म्हणाली, "माझं आहे. दादा रोज अर्धं कोडं कापून न्यायचा. किती रडले असेन त्यावरून."

3-3 बद्दल सांगितलं, एवढी एकच पट्टी नाही म्हणून. त्यावर म्हणाली, "त्या दिवशी पेपर मी आधी उचलला असेन."

आता 3-9 च्या पाठीवरचं सात आडवं तिला अडलंय. दोन घरं कापलेली आहेत. रोज फोन करून विचारते, सुचलं का म्हणून.