नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचंय, सोबत आई आहे

धूळवाट: ऑगस्टमध्ये मी, नवरा आणि ६८ वर्षांची आई, दहा दिवस. राजधानी विंडहूक, सॉसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, समुद्रकाठचं स्वाकोपमुंड आणि एटोशाचं अभयारण्य असा बेत आहे. खडीच्या रस्त्यांवर साधी कार चालेल का? आणि एटोशात गाइडची जीप घ्यावी की आपणच हिंडावं? आईचे गुडघे दुखतात, उंच जीपमध्ये चढणं तिला जमत नाही.

पाणवठा: ताई, नक्की जा. मी आईवडिलांना घेऊन गेलो होतो, तेव्हा वडील सत्तरीचे होते. गाडी तिथेही डावीकडूनच चालवायची, त्यामुळे ती चिंता नाही. साधी कार चालते, पण थोडी उंच मिळाली तर घ्या. आणि स्टेपनी दोन हव्यातच, हे गाडी ताब्यात घेताना स्वतः डिकी उघडून बघा.

खडीच्या रस्त्यावर ८० च्या वर जाऊ नका. रस्ता मोकळा दिसतो, मैलोन्मैल समोरून कुणी येत नाही आणि काटा आपोआप शंभराकडे सरकतो. वळणावर सुटी खडी आली की गाडी घसरते, जोरात ब्रेक मारला तर उलटते. काही पट्टे पन्हाळी पत्र्यासारखे असतात, दात वाजतात. टायरमध्ये हवा किती ठेवायची ते गाडी देणाऱ्यालाच विचारा, डांबरावर आणि खडीवर ती वेगळी लागते.

आमचा टायर सॉलिटेअर गावाच्या पुढे सी-१४ या खडीच्या रस्त्यावर धारदार दगडाने कापला गेला. जॅक लावला तर तो खडीतच रुतायला लागला. मागून आलेला पिकअपवाला न सांगता थांबला, त्याने त्याच्याकडची फळी जॅकखाली सरकवली आणि वीस मिनिटांत आम्ही मार्गी लागलो. तेव्हापासून मी सोबत एक फळी ठेवतोच. पाणी दहा लिटर तरी असू द्या. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी.

एटोशात जीप नको. वेगमर्यादा ६० आहे, पण तुम्ही ३० नेच जा, आणि बरंचसं तर जाऊच नका. पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसा. ऑगस्ट म्हणजे कोरडा ऋतू, पाणी मोजक्याच जागी उरतं, त्यामुळे जनावरं तिथे येतातच. आम्ही एका ठिकाणी दोन तास बसलो. जिराफ आला, पाण्यापासून दहा पावलांवर थांबला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग पुढचे पाय एकेक फाकवत मान खाली नेली, आणि तितक्यात झेब्रे उधळले तसा झटक्यात उभा राहिला. पाणी न पिताच. आई कुजबुजली, "अरे, पिऊ दे रे त्याला." चौथ्या खेपेला तो प्यायला.

वाळूचा_ठसा: सॉसुसव्लेईचं एक सांगते. सेसरीमच्या फाटकापासून ६० किमी डांबरी रस्ता आहे, शेवटचे ५ किमी निव्वळ वाळू. तिथे फोर बाय फोरच लागते, साध्या कारने जायचा हट्ट करू नका. गाडी पार्किंगला लावून तिथली शटल घ्या. डेडव्लेई या कोरड्या तळ्यापर्यंत पुढे वाळूतून चालावं लागतं, तर आईंसाठी सावलीची जागा आधीच बघून ठेवा. मुक्काम फाटकाच्या आत मिळाला तर सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं.

धूळवाट: खूप मदत झाली! एटोशात आईला रात्री काही बघता येईल का? अंधारात गाडी चालवायची नाही, असं वाचलं.

पाणवठा: बरोबर, फाटकं सूर्यास्ताला बंद होतात. वेळ दारावर लिहिलेली असते, ती रोज बघा. पण ओकाउकुयेओच्या कॅम्पला लागूनच पाणवठा आहे, रात्रभर दिवे असतात आणि बसायला बाक आहेत. चालत जायचं, चढउतार नाही. आम्हाला तिथे काळा गेंडा दिसला, पिल्लासकट. तो पाण्यात नाक घालतो तेव्हाचा फुत्कार भिंतीपलीकडून ऐकू येतो. रात्री ऑगस्टात चांगलीच थंडी पडते, आईंची शाल आणि कानटोपी हातातल्या पिशवीतच ठेवा, डिकीत नको.